गणपतीच्या आठवड्यातला निरोप

वनमाला गेली ती समई घासता घासता. गणपती आठवड्यावर आले होते, माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरली होती आणि मोरीत बसून ती चिंचेच्या कोळानं समई लख्ख करत होती. गुणाजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. घासण्याचा आवाज थांबला तेव्हा त्याला वाटलं, चहा टाकायला उठली असेल. चहा काही आला नाही. त्यानं एक हाक मारली, दुसरी मारली, आणि मग बायकोला चार शब्द सुनावायच्या तयारीनं तो उठला. मोरीच्या उंबऱ्याशी पोचला आणि ते चार शब्द तोंडातच राहिले. समई अर्धी झळझळीत झाली होती, अर्धी काळीच होती, आणि वनमाला भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातातला काथ्या अजून ओला होता.

डॉक्टर म्हणाला, हृदय. गुणाजीला ते पटेना. येईल त्याला तो एकच सांगत होता, "अहो, सकाळी भाजीवाल्याशी भांडली होती ती. भेंडी जून आहे म्हणून." सकाळी इतकं जोरात भांडलेली बाई दुपारच्या आत जाऊच शकत नाही, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. लोक मान हलवत होते. त्याला स्वतःलाच आपलं बोलणं लांबून ऐकू येत होतं.

घाटकोपरच्या भटवाडीतली ती दोन खोल्यांची जागा, तिच्यात माणसं मावेनात. आणि मग व्हायचं ते सुरू झालं. मुलगा कुठाय? मुलाला कळवलं का? कधी पोचतोय? त्याच्यासाठी थांबायचं का?

"थांबायचं नाही," गुणाजी म्हणाला. "तो येणार नाही."

"येणार नाही म्हणजे काय, गुणाजी?" तळमजल्यावरचा किराणावाला श्यामसुंदर म्हणाला. "आई गेलीय त्याची!"

"बोटीवर आहे तो."

"बोटीवर असला म्हणून काय झालं? आजकाल हेलिकॉप्टरनं उचलून आणतात माणसाला."

गुणाजीनं अर्धी घासलेली समई उचलून कोपऱ्यात ठेवली. बोट पाण्यावर असती तर आणलंही असतं हो उचलून. पण ही बोट पाण्याखाली होती, आणि नेमकी कुठल्या पाण्याखाली, हे तिच्या पोटात बसलेल्या बहुतेकांनासुद्धा माहीत नसायचं. हे सगळं तो श्यामसुंदरला सांगणार कसा? इमारतीत सगळ्यांना वाटत होतं की निलेश नेव्हीच्या कुठल्याशा बोटीवर सामान मोजतो. वाटतंय तर वाटू दे, असं निलेशनंच बजावून ठेवलं होतं. तेव्हा लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. आई मेली तरी पोरगा आला नाही, असली कसली मेली नोकरी, असं जिन्यात कोणी म्हणालं ते गुणाजीनं ऐकलं. त्यानं ते मुकाट गिळलं आणि बायकोला स्वतःच अग्नी दिला.

निलेश पाणबुडीवर होता. तीही साधीसुधी नव्हे, अणुशक्तीवर चालणारी, दुसऱ्या पाणबुड्यांच्या मागावर जाणारी. आपल्या देशानं ती परक्या देशाकडून दहा वर्षांच्या करारानं भाड्यानं आणली होती. ती आणायला जी पहिली तुकडी त्या बर्फाळ मुलखात गेली तिच्यात निलेश होता. तिकडे तो त्यांची भाषा शिकला, तिचा एकेक पंप, एकेक झडप शिकला, आणि तिच्याबरोबरच इकडे आला. गेला तेव्हा ओठांवर धड मिशी नव्हती. आता कानशिलावर पांढरं दिसत होतं. तिची दहा वर्षं आणि त्याची दहा वर्षं एकदमच सरली. सुरुवातीला ती नव्या नवरीसारखी बिनतक्रार होती म्हणे. मग कुठे पाइप गळू लागला, अंगावरचं रबरी आवरण सोलवटून निघालं, एकदा तर महिनोन्‌महिने गोदीत उभी होती. आता करार संपत आला होता. ही तिची शेवटची फेरी. ती झाली की तिला उत्तरेला नेऊन मालकाच्या ताब्यात द्यायची, आणि मग निलेशची बदली मुंबईला, जमिनीवर. मग लग्न. हे त्यानं आईला देवावर हात ठेवून कबूल केलं होतं.

वनमाला त्या पाणबुडीला "ती भाड्याची" म्हणायची. "भाड्याच्या घराक इतको जीव लावूचो नसता, झिला," ती मुलाला आपल्या मालवणीत सांगायची. "मालक एक दिवस खाली कर म्हणता, मगे आपण रडत बसतो." तिचा जन्म चाळीत गेलेला, तिला भाडं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

गुणाजीला मात्र त्या यंत्राचं अपार कौतुक. तो परळच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होता, मिल बंद पडेपर्यंत. निलेश सुट्टीवर आला की त्याच्याकडून जेवढं काढता येईल तेवढं तो काढून घ्यायचा. निलेश सांगण्यासारखं तेवढंच सांगे. तिला कोळसा नको, डिझेल नको. एकदा भट्टी पेटली की वर्षानुवर्षं चालते. प्यायचं पाणी समुद्राचं करते, श्वासाची हवा पाण्यातून काढते.

"मग परत येतेच कशाला ती?" गुणाजीनं विचारलं होतं.

"आमचं जेवण संपतं ना, म्हणून," निलेश म्हणाला. "कांदे-बटाटे ठेवायला जागा किती? पहिले काही दिवस तर आम्ही बटाट्याच्या गोण्यांवरूनच चालतो."

"म्हणजे यंत्राला भूक नाही, माणसालाच आहे. आमच्या मिलमालकाला असलंच यंत्र हवं होतं रे!" गुणाजी म्हणाला होता, आणि तिघंही हसली होती.

त्याच सुट्टीतली गोष्ट. शेवटच्या फेरीवर जायच्या आधी निलेश घरी आला होता. जेवताना त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं की निघायच्या आधी कप्तान एकेकाला आत बोलावतो आणि विचारतो, तू पाण्याखाली असताना घरी काही वाईट झालं तर तुला सांगायचं, की परत येईपर्यंत ठेवून द्यायचं? ज्याचं त्यानं ठरवायचं. एकदा ठरलं की ठरलं.

"तू काय सांगितलंय?" वनमालानं विचारलं. तिचा आमटी वाढायचा पळा हवेतच थांबला होता.

"नका सांगू म्हणून. पहिल्यापासून तेच सांगतोय."

"म्हणजे मी मेलंय तरी तुका सांगूचा नाय?"

"आई, सांगून मी करणार काय गं? समुद्रातून चालत येऊ? बोट माझ्यासाठी वर येणार नाही. आणि तिकडे मी भट्टीच्या पॅनलवर बसतो. माझं डोकं ठिकाणावर नसलं तर सगळ्यांचीच वाट लागायची."

गुणाजीला वाटलं, आता ही पोराला फाडून खाणार. पण वनमालानं पळा खाली आणला आणि आमटी वाढत ती म्हणाली, "बरोबर हा तुझा. पण एक आयक. परत इल्यावर सांगतला कोण? तो तुझो कप्तान? तसा नको. घरातलो माणूस गेलो तर घरातल्याच माणसान सांगूक होया. परक्याच्या तोंडसून नको." मग ती नवऱ्याकडे वळली. "आयकलात मा? मी गेलंय तर तुमी सांगा. तुमी गेल्यात तर मी सांगतलंय."

"आधी जेवू दे गं त्याला," गुणाजी म्हणाला होता. त्याला तेव्हा तो सगळा विषयच अभद्र वाटला होता.

आता त्या विषयाशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. वनमालानं जाताना पाणी मागितलं नाही, मुलाचं नाव घेतलं नाही, काहीच सांगितलं नाही. सांगून ठेवलेलं होतं ते एवढंच. तेव्हा निलेशला हे कळेल ते आपल्याच तोंडून, असं गुणाजीनं मनाशी घट्ट ठरवलं.

किनाऱ्यावर, विशाखापट्टणमला, या पाणबुडीवाल्यांच्या घरच्यांसाठी एक कचेरी होती. तिथला भीमराज नावाचा तरुण गुणाजीशी फोनवर बोलायचा. नांदेडकडचा, बोलायला आदबशीर. त्याला गुणाजीनं दुसऱ्या दिवशी फोन केला. भीमराजनं आधी नाव, वेळ, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "काका, बातमी मी वर कळवतो. कप्तानसाहेबांना कळेल. पण निलेशनं नको म्हटलंय, तेव्हा त्याला बोट धक्क्याला लागेपर्यंत कळणार नाही."

"ते मला माहीत आहे. पण धक्क्यालाही कप्तानानं सांगू नये. घरी आला की मी सांगेन."

"आणि काका, एक सांगू का? तुमचा दर आठवड्याचा निरोप थांबवू नका. तो थांबला की त्याला शंका येईल. काहीतरी लिहा. खोटं लिहू नका. जेवढं खरं आहे, साधं आहे, तेवढंच लिहा."

हा निरोप म्हणजे दर आठवड्याला घरून पाणबुडीवर जाणाऱ्या चार-पाच ओळी. त्यात वाईट बातमी चालायची नाही, कोडी चालायची नाहीत. कचेरीत तो कोणीतरी वाचायचं आणि मग पुढे धाडायचं. पाणबुडीला तो ऐकता येई, उत्तर मात्र देता येत नसे, कारण ती बोलली की सापडली. हा निरोप पहिल्यापासून वनमाला सांगायची आणि गुणाजी एका बोटानं मोबाइलवर टिपायचा, तिच्याच भाषेत, ती बोलेल तसा. "झिला, जेवतंस ना? मळभ आसा, कपडे सुकनत नाय. प्रांजलच्या पोराक दात इलो. तुझ्या बापाशीन परत छत्री हरवल्यान. माणूस हरवलो नाय ह्या नशीब." प्रांजल म्हणजे त्यांची बोरिवलीला दिलेली मुलगी. निरोप कसलाही असो, शेवट ठरलेला. शेवटी तुझ्या बापाशीनं या आठवड्यात काय घोळ घातला ते यायचंच. गुणाजी कुरकुरायचा, मी नाही हे लिहिणार म्हणायचा, आणि लिहायचा.

वनमाला गेल्यानंतरचा पहिला निरोप गेला तो गणेश चतुर्थीच्या आठवड्यात. घरात सुतक. गणपती आणले नव्हते. वनमालानं महिनाभर आधी ठरवून ठेवलेली मूर्ती कारखान्यातच राहिली होती. शेजारी आरत्या चालल्या होत्या, जिन्यात उदबत्तीचा वास होता, आणि गुणाजी दार लोटून घेऊन मोबाइल हातात धरून बसला होता.

"झिला, जेवतंस ना?" हे जमलं. "पाऊस थांबलो नाय. नळाक पाणी बरा येता. प्रांजलचो झिल आता धरून धरून उभो रवता." हेही जमलं. सगळं खरं होतं. तिच्या तोंडचं लिहिताना बोट अडखळत होतं, पण चालत होतं. मग गणपती आले. म्हणजे लिहिण्यात यायला हवे होते. चतुर्थीच्या आठवड्यात कोकणातली बाई मुलाला निरोप धाडते आणि त्यात गणपती नाहीत, असं होत नाही. मूर्ती कशी आहे, मोदक फुटले की नाही, आरतीला कोण कोण आलं, वनमालानं तर त्याच्यापुढे दुसरं काही लिहूच दिलं नसतं. पण गणपती आले असं लिहायला गुणाजीचं बोट धजेना. बायकोच्या नावानं लिहिणं त्यानं कसंबसं मनाला पटवलं होतं. देवाच्या नावानं खोटं लिहायची त्याची छाती होईना. आणि आले नाहीत असंही लिहिता येईना. शेवटी त्यानं गणपतीचा विषयच सोडून दिला.

मग राहिला शेवट. "तुझ्या बापाशीन" एवढं त्यानं टिपलं आणि थांबला. तुझ्या बापाशीन या आठवड्यात काय केलं? तुझ्या बापाशीन या आठवड्यात तुझ्या आईला अग्नी दिला. दुसरं काही केलंच नव्हतं त्यानं. ते दोन शब्द त्यानं खोडले, डोळे पुसले आणि निरोप धाडला.

"छान आहे काका," भीमराजचं उत्तर आलं. "पाठवतो."

पुढच्या निरोपांनाही तेच. पाऊस, पाणी, प्रांजलचा मुलगा. गणपती नाहीत आणि बाप नाही. पहिल्यांदा जो शेवट गिळला तो पुन्हा कधी लिहिता आला नाही. आपली चूक आपणच सांगायची, तीही गेलेल्या बायकोच्या तोंडून, हे त्याला कसं जमावं? प्रांजलला हा सगळा प्रकारच पसंत नव्हता.

"बाबा, हे चुकतंय तुमचं," ती म्हणाली होती. "दादाला केवढा राग येईल नंतर. आई नाही आणि आईचे निरोप येतायत!"

"येऊ दे राग. मी समोर बसवून सांगणार त्याला. तिनं सांगितलंय तसं."

काय सांगायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी तो ते मनातल्या मनात म्हणून बघे. आधी त्याला आत घ्यायचा, पाणी द्यायचं, बसवायचं. मग म्हणायचं, निलेश, आई गेली, तिला काही त्रास झाला नाही. भिंतीवरचा वनमालाचा हार घातलेला फोटो त्यानं काढून कपाटात ठेवला होता, कारण फोटोही परकाच. श्यामसुंदरला आणि बाकीच्यांना बजावून ठेवलं होतं, पोरगा जिन्यात दिसला तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

पितृपक्ष सरला, नवरात्र आलं, आणि दसऱ्याच्या सुमाराला एके सकाळी भीमराजचा फोन आला.

"काका, बोट आली. निलेश ठीक आहे. उद्या दुपारी तो घरी पोचेल." मग तो जरा अडखळला. "काका, त्याला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"घरचं. कप्तानसाहेबांनी आधी घरी जा एवढंच सांगायला बोलावलं, नुसतं 'निलेश, घरी' एवढंच म्हणाले, तर तो म्हणाला, मला कळलंय सर, पुढे बोलू नका. कसं कळलं विचारलं तर काही बोलला नाही. फोनही करू नका म्हणालाय. स्वतःचा फोन तर त्यानं सुरूच केला नाही. म्हणाला, आता जे काय ते घरी जाऊन."

 इतके दिवस जपलेलं असं हातातून कसं गेलं? गुणाजीनं तडक प्रांजलला फोन लावला. "तू कळवलंस त्याला?"

"मी कशी कळवणार बाबा? समुद्राच्या तळाशी फोन लागतो का? काहीतरी काय!"

"मग कळलं कसं?"

प्रांजललाही ते सांगता येईना. तो सगळा दिवस गुणाजीनं स्वतःला दोष देण्यात घालवला. बायकोनं उभ्या जन्मात त्याच्यावर एक काम भरवशानं सोपवलं होतं, आणि तेही आपल्याकडून झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कपाटातला फोटो काढला, पुसला, ताजा हार घातला आणि पुन्हा दारासमोरच्या भिंतीवर लावला. कळलंच आहे, तर आता लपवायचं काय? प्रांजलला त्यानं संध्याकाळी ये म्हणून सांगितलं. आधी पोराशी एकट्यानं बोलायचं होतं.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. खाली श्यामसुंदर दुकानातून बाहेर आला असणार, कारण पावलं क्षणभर थांबली आणि कोणी काही न बोलताच पुन्हा वर येऊ लागली. गुणाजीनं टकटक व्हायची वाट न बघता दार उघडलं.

निलेश खाली मान घालून शेवटच्या पायऱ्या चढत होता. कित्येक दिवस ऊन न लागलेला, पिठासारखा पांढरा चेहरा. उंबऱ्यापाशी येऊन त्यानं मान वर न करताच डोक्यावरची टोपी काढली. पोराचं मुंडण झालेलं होतं. डोक्यावर नुसते बारीक काटे आले होते. समुद्राच्या पोटात, एकट्यानं, पोरानं आईसाठी केस उतरवले! 

"आलास?" गुणाजी म्हणाला.

त्या आवाजाबरोबर निलेशनं मान वर केली. त्याच्या तोंडावरचं होतं नव्हतं ते रक्त उतरलं. तो एक पाऊल मागे गेला, पाठीवरची बॅग खांद्यावरून निसटून जिन्यात पडली, आणि त्यानं कठडा घट्ट धरला. भुताला बघावं तसा तो बापाकडे बघत होता.

"बाबा?"

"हो, मीच. काय झालं रे?"

"तुम्ही... तुम्ही आहात?"

"मी नाही तर कोण असणार?"

निलेश पुढे आला. त्यानं बापाचे खांदे चाचपले, दंड चाचपले, गालावरून हात फिरवला, बाजारात कोंबडी चाचपून बघावी तसं. आणि मग तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला, रडता रडता पुन्हा हसायला. तिशी ओलांडलेला तो पुरुष बापाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि गुणाजीला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"मी तुम्हाला मेलेले धरून चाललो होतो, बाबा!" निलेश म्हणाला. "महिनाभर! चतुर्थीच्या आठवड्यात आईचा निरोप आला, त्यात गणपतीच नाहीत. मी चार वेळा वाचला. आपल्या घरात गणपतीचं नाव नाही म्हणजे सुतकच, दुसरं काय असणार? मग बघतो तर शेवटी तुमच्या नावानं शिव्याही नाहीत. म्हटलं, असेल, विसरली असेल. पुढचा आला, त्यात तुम्ही नाही. त्याच्या पुढचा आला, त्यातही नाही. मग काय राहिलं? म्हटलं, बाबा गेले, आणि आई कळू देत नाहीये. प्रांजल टिपून देत असेल, असं वाटलं."

 ते दोन खोडलेले शब्द गुणाजीच्या डोळ्यांपुढे आले.

"कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर पॅनलवरून उठवलं असतं मला," निलेश थांबायला तयार नव्हता, इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं. "पैज हरलो म्हणून सांगून केस काढले. एक दिवस ताटातला मूठभर भात तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवला. कावळा कुठून आणायचा खाली? शेजारी आमचा मिहिर बसला होता, सदा भुकेलेला. म्हणाला, तू खात नाहीस तर मी खाऊ का रे? आणि खाल्लान की सगळा! मी म्हटलं, चला, बाबांना कावळा शिवला." तो पुन्हा हसला, मनगटानं नाक पुसलं. "आणि तुम्ही इथे धडधाकट! झकास! मला वाटलं होतं दार आई उघडेल, पांढऱ्या कपाळानं. जिनाभर तेवढीच हिंमत गोळा करत आलो."

आपण जिवंत आहोत याची गुणाजीला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

निलेश बापाच्या खांद्यावरून आत ओरडला, "आई! ए आई! कुठायस? तू पण कमाल करतेस हां! गणपतीचं लिहायचं विसरलीस आणि मी तिकडे बाबांचा दहावा घातला! चल, चहा टाक, मग बघतो तुझ्याकडे!"

आतून उत्तर आलं नाही. निलेश हसतच बॅग उचलायला वाकला. गुणाजीला पाठीमागची भिंत आठवली. तिच्यावर वनमाला होती, ताज्या झेंडूच्या हारात, दारातून आत पाऊल टाकताच दिसेल अशी. ते त्यानंच सकाळी हौसेनं केलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि जेवढं रुंद होता येईल तेवढं होऊन तो उंबऱ्यात उभा राहिला.

"सरका ना, बाबा," निलेश म्हणाला. "आत तरी येऊ द्या."

"थांब."

"काय झालं? आई बाहेर गेलीय का?"

आधी पाणी द्यायचं होतं. बसवायचं होतं. रोज संध्याकाळी घोकलेलं वाक्य गुणाजी शोधत होता आणि त्याला त्यातला एक शब्द सापडत नव्हता. समोर पोराचा चेहरा अजून आनंदानं ओला होता. इतका आनंद आपल्याला बघून आजवर कोणालाच झाला नव्हता, आणि तो आपल्यालाच आता विझवायचा आहे, हे गुणाजीला कळत होतं. तिनं सांगून ठेवलं होतं, घरातल्याच माणसानं. घरात आता दुसरं माणूस नव्हतं.

"ती विसरली नाही रे," तो म्हणाला. "निरोप ती सांगायची, मी लिहायचो. त्या आठवड्यात मला सांगायला कोणी नव्हतं." आणि मग जो शब्द त्यानं मुलासाठी कधीच वापरला नव्हता, जो फक्त तिचा होता, तो त्याच्या तोंडात आला. "आई गेली, झिला."

निलेशच्या ओठांवरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, आणि डोळे तेवढे बदलले. त्याचा हात हळूहळू वर आला, डोक्यावरच्या त्या बारीक काट्यांवर फिरला आणि तिथेच थांबला.

"मग हे कुणासाठी काढले मी?" त्यानं विचारलं.

गुणाजीनं चौकटीवरचे हात सोडले आणि त्याला आत घेतलं.